शेपटीचा कोट आणि मामाजींचा सदरा

आमच्या घरात गेलं वर्षभर रोज संध्याकाळी साडेसातला आभाळातली माणसं यायची. टीव्हीवर, म्हणजे. बाहेरच्या देशात काढलेली आणि हिंदीत बोलायला लावलेली ती एक मालिका होती. तिच्यात एक भलंमोठं यान होतं. ते या ग्रहावरून त्या ग्रहावर जायचं आणि जिथे जाईल तिथे त्यांचं कोणाशी तरी वाजायचं. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, असल्या गोष्टींचं वेड कधीच नव्हतं. पण त्याच वाहिनीवर आधी देवादिकांची मालिका लागायची. ती संपली, तिच्या जागी ही आली, आणि आत्याबाईंनी साडेसातला टीव्हीसमोर बसायची सवय काही मोडली नाही. आधी देव आभाळातून उतरायचे, आता ही माणसं उतरत होती.

भांडणं आणि बंदुका सुरू झाल्या की त्या वाती वळायला घ्यायच्या. त्यांना दोनच गोष्टींत रस. ही माणसं जेवतात केव्हा आणि घालतात काय. जेवताना ती कधी दिसलीच नाहीत, त्यामुळे आत्याबाईंना त्यांची फार कीव यायची. कपडे मात्र दिसायचे. यानातले झाडून सगळे मोठे अधिकारी काळे कोट घालून हिंडायचे. पुढून कमरेपाशी कापलेले आणि मागून गुडघ्यापर्यंत दोन शेपट्या सोडलेले.

"एवढ्या दूर गेले माय," आत्याबाई म्हणायच्या, "अन् कोट लगनाचाच घालून गेले."

मी बायकांचे ब्लाउज शिवते. जानेफळला माहेरी असताना शिकले, आणि धामणगावात लग्न होऊन आल्यावर ओसरीत मशीन टाकलं. त्यामुळे टीव्हीवर कोणी रडत असलं तरी माझी नजर आधी त्याच्या काखेकडे जाते, चुणी पडलीय का ते बघायला. या कोटांना कुठेच चुणी नव्हती. हात वर केला तरी कोट जागचा हलत नसे. मला त्या शिंप्याचा हेवा वाटायचा, आणि रागही यायचा. पुढचा काळ दाखवायचा म्हणून एवढं यान उभं केलं, आणि कपड्यांची वेळ आली तर पणजोबांची पेटी उघडली! मी फोनवर शोधलं तेव्हा कळलं की हे कोट मुळात घोडेस्वारांचे. घोड्यावर बसताना पुढचं कापड अडू नये म्हणून ते कापलं, आणि मागचं दोन्ही बाजूंना पडावं म्हणून मधे चिरलं.

मी हे आत्याबाईंना सांगितलं.

"मंग यानात घोडे कुठी हायेत?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा मशीनवर जाऊन बसले.

ही मालिका चालू असायची तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, मागच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. त्यांच्या मते हा सगळा फालतूपणा होता. मामाजींचं सगळं आयुष्य भाजीत गेलं. मेथी, वांगी, मिरची, कोथिंबीर. भाजीचं काम वाकूनच करावं लागतं. मेथी काही माणसाच्या उंचीला येत नाही. साठ वर्षं वाकल्यावर पाठ म्हणाली, आता मी अशीच राहते. पंचाहत्तरीनंतर तर ते उभे राहिले तरी नजर पायांपुढच्या चार हातांवरच जायची.

पाठ वाकली याचं त्यांना फारसं काही नव्हतं. वाईट वाटायचं ते सदऱ्याचं. वाकलेल्या माणसाच्या अंगावर साधा सदरा कसा दिसतो ते बघितलंय कधी? पुढून तो झोळीसारखा लोंबतो, आणि मागून वर चढतो. धोतराच्या वर चार बोटं पाठ उघडी पडते. मामाजींचा डावा हात मग सारखा मागे जायचा, सदरा खाली ओढायला. चालताना, बोलताना, चहा पिताना. उजव्या हातात कपबशी आणि डावा हात पाठीमागे, अशीच त्यांची आकृती माझ्या डोळ्यांसमोर येते.

दोन वर्षांपूर्वी भाऊबंदांतल्या एका लग्नात ते अक्षता टाकायला पुढे झाले. एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात काठी. मागे हात न्यायला तिसरा हात नव्हता. सदरा वर चढला, आणि मागे उभ्या असलेल्या कोणा भल्या माणसाने लहान लेकराचा ओढावा तसा तो खाली ओढून दिला. दोघं-चौघं हसले. त्यांच्या हसण्यात वाईटपणा नव्हता, हे मला आजही मान्य आहे. पण मामाजी त्या दिवशी न जेवता घरी आले, आणि त्यानंतर कुठल्याही लग्नाला गेले नाहीत. पुढे बाजारात बसणं सुटलं. मग मारुतीच्या पारावर जाणंही सुटलं. गावातल्या शिंप्याकडे माझ्या नवऱ्याने त्यांना एकदा नेलं होतं. तो पहिलंच वाक्य बोलला, "आजोबा, जरा सरळ उभे राहा." त्याने गळ्यातला टेप काढायच्या आतच मामाजी मागे फिरले.

तुम्ही म्हणाल, घरात शिवणारी सून असताना बाहेर कशाला जायचं. याचं उत्तर आमच्याकडे कोणीही देईल. सून सासऱ्याच्या अंगाला टेप लावत नाही. मी या घरात आले तेव्हापासून मामाजी ओसरीत येण्याआधी खोकतात, आणि मी पदर सावरते. ते माझ्याशी बोलतात, पण माझ्याकडे बघून नाही. चहा हवा असेल तर खांबाकडे बघून म्हणतात, "चा झाला असंन तर पाहा." खांबाने आजवर कधी चहा दिला नाही, मीच देते. चोवीस वर्षांत आम्हा दोघांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट सांगते, या माणसाने मला एका शब्दाने कधी दुखवलं नाही, आणि मला मुलगी झाली तेव्हा साऱ्या गावात पेढे वाटले ते यांनीच.

त्याच मुलीचं गेल्या हिवाळ्यात लग्न जमलं. स्थळ बीबीकडचं, म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडून पार खालच्या टोकाला. चांगली शेतीवाडीची माणसं. साखरपुडा त्यांच्याकडे, तीन आठवड्यांवर. घरात गडबड उडाली, आणि मामाजींनी खांबाला सांगितलं, "मले नाई येनं. तुमी जा."

लेक रडली. लहानपणी ती गाडीतल्या मेथीच्या गंजीवर बसून आजोबांबरोबर बाजारात जायची; जुड्या तीच मोजायची आणि एखादी जास्तीच द्यायची. माझा नवरा चिडला. आत्याबाईंनी वाती वळायला घेतल्या. कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलायला कोणी तयार नव्हतं.

त्याच आठवड्यात साडेसातला यान एका नव्या ग्रहावर उतरलं. त्या ग्रहाचा राजा फार म्हातारा होता. हातात काठी, आणि पाठ अशी वाकलेली की मुकुट पुढे घरंगळेल असं वाटावं. त्याच्याही अंगात तोच शेपटीचा कोट. तो यानातल्या कप्तानाला भेटायला पायऱ्या उतरून आला, आणि कॅमेरा त्याच्या मागून चालला.

"थांबव वं, थांबव!" आत्याबाई ओरडल्या. चालू टीव्ही थांबवता येत नाही हे त्यांना अजून पटलेलं नाही. "थ्या बुढ्याचा कोट पाह्य. मागून उचलला जातो का? नाई जात. पुढून लोंबतो का? नाई लोंबत."

मी मशीनवरून उठून टीव्हीपाशी गेले. खरंच होतं. माणूस वाकला होता, पण पुढचा काठ कमरेशी नीट बसलेला आणि मागचा सरळ खाली पडलेला. पुढून आखूड, मागून लांब. घोडेस्वारासाठी कापलेला कोट वाकलेल्या म्हाताऱ्याला आपोआप बसत होता. इतकी वर्षं मी कात्री चालवतेय, आणि ही साधी गोष्ट मला आभाळातल्या राजाने शिकवावी!

"असा सदरा शिवशीन का?" आत्याबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"शिवीन. पण माप?"

माप आत्याबाईंनी घ्यायचं ठरलं. त्यांना टेपवरचे आकडे कळत नाहीत, म्हणून मी सुताचा दोरा दिला. मानेच्या मणक्यापासून मागे खालपर्यंत एक दोरा, गळ्यापासून पुढे खालपर्यंत दुसरा, छातीचा तिसरा. जिथे माप संपेल तिथे गाठ मारायची. त्या आत गेल्या, दार लोटलं, आणि बऱ्याच वेळाने तीन दोरे घेऊन बाहेर आल्या. चेहरा एवढा खुलला होता की मीही खूश झाले.

मी मांजरपाटाचा कच्चा सदरा बेतला. बेततानाच मला शंका यायला हवी होती, कारण पुढचा आणि मागचा दोरा जवळजवळ सारखा आला होता. पण सासूने आणलेल्या मापावर शंका घ्यायची कशी? मी आपल्या मनाने मागून दोन बोटं वाढवलं आणि शिवून टाकलं. मामाजींनी तो आत घातला आणि बाहेर आले. पुढून झोळी, मागून पाठ उघडी. सगळं होतं तसंच. त्यांनी सदरा काढून खाटेवर घडी करून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मी आत्याबाईंना न्हाणीपाशी गाठलं. रागाच्या भरात मर्यादाबिर्यादा विसरले. "माप कसं घेतलं तुम्ही? खरं सांगा. हे वाकलेल्या माणसाचं माप नाही. पुढून-मागून सारखं येतंच कसं?"

आत्याबाई पदराचं टोक पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या दोरा काढला तं थे उभे राह्यले. दाराची चौकट धरली दोन्ही हातानं, अन् दम रोखून सरळ झाले. पुरे सरळ."

"मग तुम्ही म्हणाला का नाही, नेहमीसारखे उभे राहा म्हणून?"

"कशी म्हनू वं?" त्यांचे डोळे भरून आले. "किती वर्षानं पाह्यलं म्या त्याईले तसं. लगनात होते ना, तसेच दिसले. मले वाटलं, दोन घडी राहू द्या."

माझा राग तिथल्या तिथे विरला. तीन गाठी मारायला यांना एवढा वेळ का लागला ते आता कळलं. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी न्हाणीच्या दगडावर बसून राहिलो. पण सदऱ्याचा प्रश्न होता तिथेच होता, आणि साखरपुडा आठ दिवसांवर आला होता. मी मामाजींना लपून बघून अंदाजाने कापायचा प्रयत्न केला. ते मेथीच्या जुड्या बांधायला बसले की मी ओसरीतून डोळ्यांनी माप घ्यायची. जमलं नाही. नजरेने ब्लाउजचा गळा कापता येतो, साठ वर्षं वाकलेली पाठ नाही.

शुक्रवारी त्या म्हाताऱ्या राजाचा शेवटचा भाग होता. राजा आपलं राज्य मुलीला देतो आणि दरबारातून एकटा चालत निघून जातो, असं काहीतरी. सगळे अधिकारी शेपटीचे कोट घालून दोन्हीकडे रांगेत उभे होते, ताठ, छाती पुढे काढून. मधून तो वाकलेला राजा चालला होता. तो सरळ व्हायचा प्रयत्न करत नव्हता आणि त्याला कोणी हसत नव्हतं. माझं लक्ष कोटाच्या काठावर होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"त्याचं माप कोनं घेतलं असंन?"

मी वळून बघितलं. मामाजी खाटेवर उठून बसले होते, तोंड टीव्हीकडे. किती भागांपासून ते असे बघत होते कोण जाणे. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी आत्याबाईंकडे.

"असंन कोनी शिंपी," आत्याबाई म्हणाल्या.

"शिंप्यानं त्याले सरळ उभं नसंन केलं," मामाजी म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत होते. ओसरीच्या दारात खोकल्याचा आवाज आला. मी पदर सावरला आणि वाट बघत राहिले, ते खांबाशी काय बोलतात त्याची. ते खांबाशी काहीच बोलले नाहीत.

"सूनबाई," मामाजी म्हणाले.

चोवीस वर्षांत पहिल्यांदा. हातातली सुई माझ्या बोटात गेली.

"टेप घेऊन ये."

मी उठले. ते ओसरीच्या मधोमध उभे होते, नुसत्या बंडीवर. काठी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली होती. चौकट हाताच्या अंतरावर होती, पण त्यांनी ती धरली नाही. दोन्ही हात खाली सोडले, मान जशी पडते तशी पडू दिली, आणि पाठ होती तशी माझ्यासमोर केली.

"मी असाच आहो आता," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "असंच घे."

मी मानेच्या मणक्यावर टेप ठेवला. पाठीचा उंचवटा बंडीतून हाताला लागला, कडक आणि ऊन. याच पाठीवर या घराची भाजी बाजारात गेली आणि माझी लेक शाळेत गेली. मला रडू येत होतं, पण आकडे चुकले असते म्हणून मी ते गिळलं. मागची उंची लिहिली, पुढची लिहिली. दोन्हींत सहा इंचांचा फरक निघाला. सहा इंच! आणि आम्ही सगळे वर्षानुवर्षं म्हणत होतो, मामाजींना कुठलाच सदरा धड बसत नाही. मामाजींत काही चूक नव्हती. सदरे चुकीचे होते.

आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता. मर्यादा म्हणून की रडू म्हणून, ते मी विचारलं नाही.

तो सदरा मी तीन दिवस शिवला. पांढरं सुती कापड, पुढून आखूड, बाजूने हळूहळू उतरत गेलेला काठ, मागून लांब आणि मधे छोटी चीर, बसताना अडू नये म्हणून. धुऊन दोरीवर टाकला तर शेजारीण कुंपणावरून विचारते, "हे काय शिवलं वं? कोनाचं ध्यान हे?" दोरीवर तो खरोखर आभाळातल्या कोटासारखाच दिसत होता, फक्त पांढरा. पण मामाजींच्या अंगावर चढला आणि त्याचं सगळं वेगळेपण नाहीसं झालं. काठ चारी बाजूंनी सारखा. कोणीही म्हणावं, साधा सदरा आहे.

साखरपुड्याला आम्ही पहाटेच निघालो. गाडीत मामाजी खिडकीशी बसले होते. अंगात तो सदरा, डोक्यावर नवी टोपी. आम्ही सगळे पिकापाण्याचंच बोलत होतो, न जाणो म्हातारा मागे फिरायचा. बीबीला पोचलो तेव्हा मांडवात माणसं जमली होती. मुलाचे आजोबा, उंच आणि ताठ, फेटा बांधून स्वागताला दारातच उभे. "या या, तुमचीच वाट पाहत होतो," म्हणत ते व्याहीभेटीसाठी हात पसरून पुढे आले.

मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते. लेकीकडे माझं लक्ष नव्हतं, पाहुण्यांकडे नव्हतं. माझी नजर सदऱ्याच्या मागच्या काठावर खिळली होती. मामाजींनी काठी माझ्या नवऱ्याकडे दिली आणि पुढे झाले. आणि सवयीने त्यांचा डावा हात मागे गेला.

हाताला पाठ लागली नाही. कापड लागलं. बोटांनी काठ चाचपला, तो जागच्या जागी होता. हात तिथे क्षणभर तसाच थांबला, काय करावं ते न कळल्यासारखा. मग तो सुटला, पुढे आला, आणि मामाजींनी व्याह्याला दोन्ही हातांनी कवळलं.